मोडी लिपीतली जुनी पत्रं चित्रासारखी भिंतीवर लावावीत का?

शाईदौत:
माझं मत स्पष्ट आहे: लावावीत. पेशवेकाळातलं मोडी पत्र एकदा जवळून बघा. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढली, मग बोरूची लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरं त्या रेघेखाली पळवत नेली. दोन शब्दांत जागाच नाही. बोरूतली शाई सरत आली की अक्षर फिकं होत जातं, दौतीत बुडवला की पुन्हा काळंभोर. लिहिणारा कुठे थांबला, तेसुद्धा त्यात दिसतं. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर तर वर अष्टकोनी मुद्रा आणि खाली 'मर्यादेयं विराजते' ही दुसरी मुद्रा. पानाचा तोल काय सुंदर साधतो! वाचता न येणाऱ्यालाही हे भिडतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे कागद रुमालांत बांधून आहेत. ते लोकांना दिसले पाहिजेत.

मोडीवाचक:
साफ असहमत. ती खालची मुद्रा शोभेची नव्हे. पत्र इथे संपलं, याखाली कुणी मजकूर घुसडू नये, म्हणून ती असायची. अक्षर पळतं कारण लिहिणाऱ्याला कामाची घाई असे. आणि भिडतं म्हणजे कुणाचं मन भिडतं? सांगणार धनी, लिहिणार चिटणीस. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली, आज वाचणारे मोजके. पत्र फ्रेममध्ये घातलंत की ते बघितलं जाईल, वाचलं जाणार नाही. शिवाय सततच्या उजेडाने कागद खराब होतो तो वेगळाच.

शाईदौत:
उजेडाचा मुद्दा मान्य, छायाप्रती लावू. पण चिटणिसाचा हात हात नव्हे का? बाळाजी आवजी महाराजांचे चिटणीस, त्यांच्या अक्षराचं कौतुक आजही होतं. गाण्यात शब्द एकाचे, गळा दुसऱ्याचा असतो. म्हणून गळ्याला दाद द्यायची नाही?

पोस्टकार्डवाली:
तुम्ही दोघं दरबारातच अडकलात. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, पत्रं शेजारचे मास्तर लिहून द्यायचे. 'सा. न. वि. वि.'पासून सगळं वळणदार, पण त्यात आजी कुठेच नाही. लग्नाचं कार्ड असलं की कोपऱ्याला हळदकुंकू मात्र ती स्वतः लावायची. एका कार्डावर तिच्या बोटाचा ठसा स्पष्ट उमटलाय. मास्तरांच्या सुबक अक्षराकडे माझं लक्षही जात नाही. सुंदर अक्षर आणि जीव लावणारं पत्र यांची गल्लत करू नका.

मोडीवाचक:
हेच तर म्हणतोय. तो ठसा आजीचा, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तो बोलतो. परक्याला नुसता डाग दिसेल. त्यामुळे लावायचंच असेल तर पत्राला लागूनच बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, पूर्ण मजकूर हवा, आणि कुणी कुणाला लिहिलं तेही.

शाईदौत:
मजकूर हवाच, पण लागून नको. शेजारी छापील अक्षर दिसलं की डोळे तिकडेच जातात, पत्राकडे कुणी बघत नाही. आधी पानासमोर उभं राहू द्या, मजकूर पुढच्या भिंतीवर लावा.

मोडीवाचक:
पुढच्या भिंतीवरचा मजकूर थांबून कुणी वाचत नाही. लागूनच हवा, यावर मी ठाम आहे.