खारघर: सोसायटीत पहिलीच दुर्गापूजा, त्याच जागेत आमचा घट आणि गरबा. कसं जमवावं?

खारघरवाली

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत बंगाली कुटुंबं बरीच आहेत. आजवर ती पूजेला वाशीला नाहीतर थेट शिवाजी पार्कला जायची. यंदा त्यांनी ठरवलंय की षष्ठी ते दशमी पूजा इथेच, आपल्या आवारात करायची. मी सांस्कृतिक समितीवर असल्यामुळे त्यांनी मला आग्रहाने सोबत घेतलंय, आणि हे नीट पार पडावं अशी माझीही फार इच्छा आहे.

अडचण अशी की पोडियमवर आमचाही घट बसतो आणि रात्री तिथेच गरबा असतो. शिवाय अर्ध्या इमारतीचे नऊ दिवसांचे उपास. बंगाली मंडळींना मात्र फिश फ्राय आणि रोलचा स्टॉल हवाय. मागच्या मीटिंगमध्ये यावरून आवाज चढले. मूर्ती, ढाकवाले (पूजेतला मोठा ढोल वाजवणारे), परवानग्या, भोग म्हणजे देवीचा नैवेद्य, यातलं आधी काय धरायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

नेरूळकर

कागदपत्रांचं सांगतो. खारघर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे, तेव्हा मांडवाचा अर्ज बेलापूरला, नवी मुंबई महापालिकेत, नेऊ नका. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचेच. बाहेरच्यांकडून वर्गणी घेणार असाल आणि संस्था नोंदलेली नसेल, तर धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ सी खाली तात्पुरती परवानगी काढा आणि पहिल्या रुपयापासून पावती फाडा. स्पीकर रात्री दहाला बंद. बारापर्यंतची सवलत कुठल्या दिवशी आहे ते दरवर्षी जाहीर होतं, ते पाहूनच गरब्याची वेळ छापा.

आणि मूर्ती सांगण्याआधी गेटची कमान टेपने मोजा. दुर्गा, लक्ष्मी, सरस्वती, गणपती, कार्तिक सगळे एकाच चौकटीत असले की रुंदीही भरपूर होते. पोडियमचा रॅम्प जिथे वळतो तिथली उंची वेगळी मोजा, टेम्पो तिथेच अडकतो.

पारिजात

ताई, मी स्वयंपाकघराकडून बोलते. माझं माहेर साताऱ्याचं, पण इथल्या एका पूजेत भोगाच्या स्वयंपाकाला मी बरीच वर्षं उभी आहे. माझं मत स्पष्ट आहे. मूर्ती दोन फूट लहान आली तरी चालेल, रोषणाई साधी असली तरी चालेल. पुरोहित, ढाक आणि भोग यांत मात्र हात आखडू नका. लोक घरापासून इतक्या लांब येऊन शोधतात ते हेच.

भोगात कांदा-लसूण नसतो. मूगडाळ कोरडी भाजायची, अगदी खरपूस वास सुटेपर्यंत, तिची खिचडी. सोबत लाबडा म्हणजे भोपळा, वांगं, मुळा, रताळं अशी मिळून केलेली भाजी, वांग्याची भजी, टोमॅटो-खजुराची चटणी आणि पायेश म्हणजे तांदळाची खीर. गोविंदभोग तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर आंबेमोहोर घ्या, बारीक आणि वासाचा असल्यामुळे छान लागतो. बासमती अजिबात नको, खिचडी मिळून येत नाही. फोडणी मोहरीच्या तेलाचीच ठेवा. आपल्या लोकांना पहिल्या दिवशी वास उग्र वाटतो, अष्टमीला तेच दुसऱ्यांदा वाढून घेतात.

आता जे मला खरं सांगायचंय ते. टाटाचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरचं रुग्णालय आणि संशोधन केंद्र, खारघरलाच आहे. बंगालहून उपचारांसाठी आलेली कितीतरी कुटुंबं आसपास खोल्या घेऊन महिनोन्‌महिने राहतात. ती तुमच्या सभासद यादीत नसतील, वर्गणीही देणार नाहीत, पण अष्टमीच्या सकाळी पुष्पांजलीला येतील. त्यांना गेटवर वॉचमनने अडवता कामा नये, हे आत्ताच मीटिंगमध्ये ठरवून घ्या.

एका वर्षी एक बाई आल्या होत्या. केमो चालू होती, डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, अंगावर नवी कोरी तांताची (बंगाली हातमागाची सुती) साडी, इतकी नवी की घडीच्या रेघा उभ्या दिसत होत्या. ओंजळीत फुलं घेऊन पुरोहितांच्या मागून मंत्र म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. बाहेरचं उघडं अन्न त्यांना बंद होतं. आमच्या मुख्य आचाऱ्यांनी काही न बोलता उकळत्या पातेल्यातून पहिला डाव त्यांच्या स्टीलच्या डब्यात घातला आणि झाकण घट्ट लावून दिलं. तेव्हापासून आम्ही पेशंटांचे डबे पंगतीच्या आधी, चुलीवरूनच भरतो. तुम्हीही तसंच करा. खुर्च्या मांडताना धुनुचीचा (आरतीच्या धूपपात्राचा) धूर कुठल्या बाजूला जातो ते बघा. काथ्या आणि धूप एकदम पेटला की डोळे उघडवत नाहीत, त्या बाजूला आजारी माणूस नको. व्हीलचेअरसाठी लाकडी उतार करून घ्या.

सप्तमीच्या नवपत्रिकेची, म्हणजे पूजेतल्या नऊ वनस्पतींची, काळजी करू नका. केळ, अळू, हळद, बेल, डाळिंब, अशोक, भात असं बरंचसं पनवेलच्या गावांतून मिळतं, त्या दिवसांत शेतात भात उभाच असतो. जयंती आणि मानकंद मात्र आधी शोधून ठेवा.

शुभ्रा_ऐरोली

मी बर्धमानची, लग्नानंतर इथली झाले. पारिजातताईंचं वाचून डोळे भरले.

मासे-मटणाबद्दल. आमच्याकडे पूजेच्या दिवसांत ते खाणं म्हणजे देवीचा अनादर नव्हे. मुलगी माहेरी आली की घरात चांगलंचुंगलं शिजतं, तसंच ते आहे. हे शेजाऱ्यांना शांतपणे सांगा. पण जिथे घट बसलाय आणि लोक उपाशी आहेत, तिथे शेजारी तळण काढायचं नाही, हेही आपल्या मंडळींना तितकंच ठामपणे सांगा. स्टॉल क्लबहाउसच्या मागे, पार्किंगच्या टोकाला. तेल वेगळं, वाढणारे हात वेगळे. भोगाच्या चुलीजवळ ते सामान फिरकूसुद्धा नये.

वेळेचं: संधिपूजा मागेपुढे सरकवता येत नाही. अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४, एवढीच वेळ. २०२४ ला ती भर दुपारी बाराच्या सुमारास होती, २०२५ ला संध्याकाळी सहाच्या. काही वर्षी मध्यरात्रीही येते. विशुद्ध सिद्धांत आणि गुप्त प्रेस या पंजिकांत (बंगाली पंचांगांत) वेळा जुळत नाहीत, म्हणून कुठली पाळायची ते पुरोहितांना आधी विचारा आणि मगच गरबा मंडळाशी बोला. त्या ४८ मिनिटांत दुसरा स्पीकर बंद, एवढं एकच मागा. १०८ कमळं दादरच्या फूलबाजारातून आदल्या पहाटे आणा. १०८ दिवे लावताना पोडियमवर वारा असतो, दोन बाजूंना कापड ताणून घ्या.

ढाकी शक्यतो गावाकडूनच बोलवा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी तिकिटं काढा. ढाक सांभाळत जनरल डब्यातून इतका प्रवास करायला लावू नका. इथे त्यांना झोपायला बंद खोली, पंखा आणि दोन वेळचं जेवण द्या. मांडवातच सतरंजी टाकून झोपवणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत, आणि मला ते फार लागतं.

खारघरवाली

खूप आभार. वॉचमनचा मुद्दा कालच्या मीटिंगमध्ये मांडला, एकमताने मंजूर झाला. स्टॉल पार्किंगच्या टोकाला न्यायलाही दोन्ही बाजू तयार आहेत. गरबा रोज आरतीनंतर सुरू होईल, ते गरबा मंडळाने स्वतःहून सांगितलं. एक राहिलं: दशमीला सिंदूर खेळायला, म्हणजे देवीला आणि एकमेकींना सिंदूर लावायला, सोसायटीतल्या मराठी बायका येऊ शकतात का? आणि विधवा?

शुभ्रा_ऐरोली

मराठी बायका अवश्य येऊ देत. विधवांना जुन्या रिवाजात स्थान नव्हतं. आमच्या इथे माझ्या सासूबाईंनीच त्यांना हाताला धरून पुढे आणलं, आणि कुणीही हरकत घेतली नाही. तुम्ही पहिल्याच वर्षी सगळ्यांना बोलवा, पुढे बदलायला जास्त त्रास होतो.

पारिजात

त्याच संध्याकाळी तुमच्याकडून आपट्याची पानं आणि त्यांच्याकडून नारळाचे लाडू, ही देवाणघेवाण ठेवाच. आणि मांडववाल्याशी बोलताना कोजागरीपर्यंतचं भाडं धरा. बंगाली लक्ष्मीपूजा त्याच पौर्णिमेला असते, आणि तुमचं मसाला दूधही त्याच रात्री आहे.