मदत हवी आहे: उबुंटूचं पार्टिशन डावीकडे वाढवायचं आहे, डेटा न गमावता

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर ५१२ जीबीची एसएसडी आहे, विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्स) दोन्ही. उबुंटू टाकताना त्याच्या पार्टिशनला (डिस्कच्या वेगळ्या भागाला) ३० जीबीच दिले, ते आता काठोकाठ भरलेत. अपडेटसुद्धा होत नाही.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ६० जीबीने कमी केला. फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करण्याची सोय) बंद केलंय, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवलीये. इथवर ठीक.

अडचण पुढेच आहे. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून चालवून) जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर उघडलं, तर डावीकडून क्रम असा दिसतो: ईएफआय (बूटच्या फाइल्सचं पार्टिशन), सी, रिकामी जागा, विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन आणि शेवटी उबुंटू. म्हणजे आधी रिकव्हरी सरकवायचं, मग उबुंटूची सुरुवात डावीकडे न्यायची. त्यात सगळा डेटा हलतो आणि मध्येच वीज गेली तर संपलंच. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, बॅटरीही जेमतेम वीस मिनिटं टिकते.

बहिणीच्या प्रबंधाचं दोन वर्षांचं काम याच मशीनवर आहे. बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी घेतलीये, तरी हात धजावत नाही.

त्यापेक्षा रिकाम्या जागेत नवं एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन करून होम फोल्डर (उबुंटूतल्या स्वतःच्या फाइल्सचा) तिकडे हलवलं तर? एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणारी फाइल) त्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) नेमका कसा लिहायचा? कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.