मदत हवी आहे: जुन्या स्विफ्टला छोटा टर्बो बसवावा का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, १.३ लिटरची, कंपनीच्या आकड्यानुसार ८७ बीएचपी. इंजिन ठणठणीत. पण चार माणसं आणि एसी घेऊन आंबा घाट चढताना दुसऱ्या गिअरवरच यावं लागतं. शर्यत लावायची नाही, फक्त चढाला दम हवा.

मनात आहे ०.३ ते ०.४ बार इतकाच बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब), लहान टर्बो, समोर ती हवा थंड करणारा इंटरकूलर. या इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) नव्या गाड्यांपेक्षा कमी आहे, म्हणून पिस्टन न बदलता जमेल असं वाटतं. खरी धाकधूक इंधनाची. बूस्टवर मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) की नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका), आणि मग पिस्टनला भोक! त्यात पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय, म्हणजे इंजेक्टरला आणखी जास्त पेट्रोल द्यावं लागणार. मोठे इंजेक्टर आणि पिगीबॅक ईसीयू (इंजिनच्या मूळ कॉम्प्युटरला जोडायचा) पुरेल, की स्टँडअलोनच (मूळच्या जागी पूर्ण वेगळा) घ्यावा? वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) तर लावणारच.

दुसरं, टर्बोचं ऑइल रिटर्न. ते गुरुत्वाकर्षणाने खाली यायला हवं, म्हणजे संप (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) काढून त्यावर वेल्डिंग. कुणी केलंय का? मूळ क्लच टिकला का?

एका गॅरेजवाल्याने "ट्यूनिंगची गरजच नाही, बसवा आणि पळवा" म्हटलं, तिथून मीच पळालो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरफारांवरचं) आणि विम्याची अडचण माहीत आहे. आरटीओकडून कुणाला रीतसर मंजुरी मिळाली असेल तर तेही सांगा. की हे सगळं सोडून सरळ टर्बोवाली सेकंडहँड गाडी बघू?