रब्बी कांद्याचे बियाणे आताच घेऊन ठेवावे का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) :

नमस्कार. मलप्रभेच्या काठी आमची तांबड्या मातीची शेती आहे. भाताची मळणी उरकली, आणि विहिरीला पाणी असूनही त्यातले पाऊण एकर रान दरवर्षी उन्हाळाभर पड राहते. सध्या रात्री जेवणे झाली की शेकोटीपाशी बसून बियाण्यांचे कॅटलॉग चाळणे हाच माझा उद्योग झाला आहे. एका परदेशी कंपनीच्या कॅटलॉगात नारळाएवढे पिवळे कांदे पाहून मन हरखले. आपल्याकडच्या दुसऱ्या एका कॅटलॉगात भीमा शक्ती, बसवंत ७८०, अर्का निकेतन अशी नावे ओळीने दिली आहेत, पण प्रत्येकापुढे 'भरघोस उत्पन्न' एवढेच छापले आहे. येत्या रब्बीत त्या पाऊण एकरावर कांदा करायचा झाल्यास कोणती जात धरावी, आणि आता जानेवारीत सवलतीत मिळणारे बियाणे घेऊन ठेवले तर चालेल का? कांद्याचा मला काहीही अनुभव नाही. आमच्याकडे भात, काजू आणि थोडासा ऊस एवढेच होते.

काळीचा माणूस (निपाणी) :

दादा, आधी त्या पिवळ्या कांद्याचे पान मिटून ठेवा. कांद्याचा गड्डा कधी धरायचा हे रोप दिवसाच्या लांबीवरून ठरवते. युरोपातल्या त्या जातींना चौदा तास आणि त्याहून मोठा दिवस लागतो, आणि आपल्या बेळगाव भागात ऐन जूनमध्येही दिवस तेरा तासांच्या आसपासच असतो. ते बी तुम्ही लावले तर पात कमरेपर्यंत वाढेल आणि खाली मान तेवढी जाड होईल. पिवळ्याचीच हौस असेल तर बंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेची अर्का पीतांबर ही आपल्या छोट्या दिवसांत गड्डा धरणारी जात आहे, पण आपल्या बाजारात गिऱ्हाईक लालच मागते, हे ध्यानात असू द्या.

जातीची निवड हंगामावरून करा. बसवंत ७८० ही खरिपाची जात आहे. तुमच्याकडचा पाऊस पाहता खरीप कांद्याचा विचारही करू नका, आणि ती जात थंडीत लावली तर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फार येतात, शिवाय तो कांदा टिकत नाही. रब्बीसाठी राहुरी विद्यापीठाची एन-२-४-१, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा शक्ती आणि भीमा किरण, किंवा तुमच्या यादीतली अर्का निकेतन, यांतली कोणतीही धरा. मी स्वतः एन-२-४-१ घेतो, कारण कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर छपरात) तो पाच महिने सहज राहतो आणि एप्रिलच्या पडत्या भावात विकण्याची घाई करावी लागत नाही.

पाऊण एकराला अडीच ते तीन किलो बी आणि रोपांसाठी दीड गुंठा गादीवाफे पुरतात. रोपे पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर लावली तर पाऊण एकरात दोन लाखांच्या आसपास बसतात, तेव्हा बियाण्याआधी बायामाणसांच्या मजुरीचा हिशेब मांडा. ऑक्टोबरअखेरीस बी टाकायचे असते आणि त्या वेळी तुमच्या शेतात भात उभे असणार, म्हणून वाफे घराजवळच्या उंच परड्यात करावेत. पन्नासेक दिवसांनी, डिसेंबरच्या मध्यास रोपे लावणीला येतील. एप्रिलमध्ये निम्म्या रोपांच्या माना पडल्या की कांदा काढून घ्यावा. वळवाचा पाऊस पडेपर्यंत रानात ठेवलेला कांदा चाळीत सडतो.

परसबाग (शहापूर, बेळगाव) :

वरील काकांनी बियाण्याच्या वयाबद्दल काही लिहिले नाही, आणि माझ्या मते प्रश्नातली खरी मेख तीच आहे. कांद्याचे बी फार अल्पायुषी असते. साध्या पाकिटात ठेवले तर वर्षभरातच त्याची उगवण ढासळते. नवे बी एप्रिल-मेमध्ये काढले जाते आणि त्यानंतर बाजारात येते. म्हणजे आज सवलतीत मिळणारे बी फार तर गेल्या मेचे असणार, आणि तुम्ही ते वाफ्यात टाकाल तेव्हा त्याला दीड वर्ष होत आलेले असेल. सवलत त्यासाठीच असते. दोन वर्षांपूर्वी मी अशाच लोभाने एका दुकानातून पाव किलो घेतले होते, तेव्हा वाफ्यावर हिरव्या रेघेऐवजी अधूनमधून चार केस उभे राहिल्यासारखे दिसत होते.

कॅटलॉग आता वाचून जात ठरवावी आणि खरेदी सप्टेंबरमध्ये करावी. पाकिटावरची चाचणीची तारीख आणि मुदत दुकानातच वाचून घ्या. आपल्याकडे पुष्कळदा मजकूर कानडीत असतो. 'ईरुळ्ळी' (कांदा) एवढे वाचता आले तरी तारखेपाशी बोट ठेवून दुकानदाराला विचारण्यात संकोच करू नये. निळी चिठ्ठी असेल तर बी प्रमाणित आहे, हिरवी असेल तर सत्यप्रत, म्हणजे विकणाऱ्याच्या शब्दावरचे. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते.

आणखी एक सांगते. तुमच्याकडच्या जास्त पावसाच्या तांबड्या मातीत आम्लता असू शकते आणि ती कांद्याला मानवत नाही, म्हणून या उन्हाळ्यातच माती तपासून घ्या. गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे. दोन्हीकडे विचारता येईल.

मलप्रभाकाठ :

काका आणि ताई, दोघांचेही आभार. एक गोष्ट लपवली होती ती आता सांगतो : प्रश्न विचारण्याच्या आदल्या दिवशीच मी अर्धा किलो बी घेऊन बसलो होतो. ताईंचे उत्तर वाचल्यावर त्याच रात्री शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि फडके चुलीच्या उबेला ठेवले. आज बाराव्या दिवशी मोजले तेव्हा एक्केचाळीस उगवल्या होत्या. आईने ते फडके पाहिले आणि उरलेले बी परसात विहिरीच्या पाटाकडेला फोकून टाकायला सांगितले. गड्डा नाही धरला तरी झुणक्याला पात होईल, असे तिचे म्हणणे आहे. मातीचा नमुना या आठवड्यात मत्तीकोप्पला नेतो, आणि एन-२-४-१ चे बी सप्टेंबरमध्ये घेतो. मजुरीचा हिशेब मात्र मांडून पाहिला आणि पाऊण एकरावरून दहा गुंठ्यांवर आलो आहे, तेव्हा तीन किलोही लागणार नाही, एक किलोत भागेल.