मुलाच्या अमेरिकेतल्या दुसऱ्या घरासाठी रान विकू का?

उचगावचा निवृत्त हवालदार:
राम राम मंडळी. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, पण प्रश्न अमेरिकन फौजेचा आहे. मुलगा तिकडं शिकायला गेला, तिथंच भरती झाला, आता डिस्चार्ज घेतलाय. टेक्सासात किलीनला त्यानं माजी सैनिकांच्या व्हीए कर्जावर २,४०,००० डॉलरचं घर घेतलं, हातचा पैसा न घालता. आता नोकरी सॅन अँटोनियोत लागली, तिथं ४,५०,००० चं घर बघितलंय. जुनं विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं. बँक म्हणते २० टक्के भरा, म्हणजे ९०,००० डॉलर! हक्काच्या दाखल्याचा फोटो त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. चष्मा लावून दोनदा वाचला, 'बेसिक एंटायटलमेंट'पुढं ० आहे. दोस्त मात्र त्याला सांगतोय, शिल्लक आहे म्हणून. शून्यात कसली शिल्लक? माझं रताळ्याचं रान विकायला काढलंय, गिऱ्हाईक गुरुवारी इसार घेऊन येणार.

खानापूरकर:
फंडासारखंच असणार ते, साहेब. एकदा उचललं की संपलं. पण रान विकू नका बघा, परत मिळत नाही.

टिळकवाडीची लेक:
काका, इसार घेऊ नका. मी सॅन अँटोनियोतच असते, नवरा इथल्या फौजेत होता, आम्ही हेच केलंय. आमच्या पहिल्या बँकेतल्या पोरानंही ते शून्य बघून मान हलवली होती, मग दुसरीकडे गेलो.

ते शून्य मूळच्या ३६,००० डॉलरच्या हक्काचं. त्याच्यावर आणखी हक्क असतो, तो त्या ओळीत येत नाही. खानापूरकर, हा फंड नव्हे. सरकार कर्जाच्या पाव हिश्शाला जामीन राहतं, एवढंच. २,४०,००० चा पाव ६०,००० तिथं अडकलाय. २०२६ ची कर्जाची मर्यादा बहुतेक काउंटींत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, ८,३२,७५०, त्याचा पाव २,०८,१८७. त्यातून ६०,००० वजा, उरले १,४८,१८७. याची चौपट करा, ५,९२,७५० च्या आसपास. तेवढ्यापर्यंत एक डॉलर न भरता कर्ज बसतं, पगार आणि जुना हप्ता बँकेला पटला तर. त्याचं घर आरामात आत येतं.

नव्या घरात त्यानं स्वतः राहायला हवं, साधारण ६० दिवसांत. आणि दुसऱ्यांदा वापरताना सरकारी फी ३.३ टक्के, म्हणजे १४,८५०. रोख नसेल तर कर्जातच घालतात. सेवेतल्या दुखापतीचा मासिक भत्ता मिळत असेल तर ही फी माफ. तेवढं त्याला विचारा.

उचगावचा निवृत्त हवालदार:
पोरी, उपकार झाले. गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हटलं, चार शब्द ऐकून घेतले. दाखल्यावरच्या तक्त्यात अडकलेले ६०,००० च आहेत. राहायला तो स्वतः जाणार, बायको-पोरं शाळा सुटल्यावर.

फीचं विचारलं तर थोडा वेळ गप्पच बसला. मग म्हणाला, माफ आहे, गुडघ्याचा भत्ता येतो, तीन वर्षं झाली. आईला सांगू नका म्हणाला. ती शेजारीच बसली होती, फोन स्पीकरवर होता.