बी विंगचा जिना आणि बंड्या

बी-२०१ (काका): दुसऱ्या मजल्यावर नाक धरून चढावं लागतंय. चपलांच्या रॅकखाली परत ओलं. ज्यांचं मांजर त्यांनी बघावं.

बी-२०३ (वहिनी): हो काका, आमचाच बंड्या. दार उघडलं की सटकतो. घरातही त्याचा वाळूचा ट्रे सोडून सोफ्यामागे, पायपुसण्यावर चाललंय. वॉचमनदादांकडून फिनाइल मारून घेतलं.

बी-४०१: फिनाइलपेक्षा बंड्या परवडला 😷

ए-३०३: मांजर डूख धरतं हो. तुम्ही दिवाळीत गावाला गेला होतात ना, त्याचा राग काढतोय.

बी-२०१: मग पांडवलेणीला नेऊन सोडा. मोकळी हवा.

सेक्रेटरी: काका, पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे. ग्रुपवर तरी लिहू नका 🙏

बी-२०१: गंमत केली भो.

ए-५०२ (मांजरवाल्या ताई): वहिनी, राग-बिग काही नसतं. आधी सांगा, ट्रेमध्ये कुंथत बसतो का? थेंब थेंब येतं? सारखं तिथलं चाटतो? बोक्याची लघवीची नळी अरुंद असते. खडा किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

बी-२०३: बसतो बराच वेळ. थोडी थोडी होते. काल गुलाबीसर वाटली.

ए-५०२: मग फोन ठेवा आणि निघा. उद्यावर ढकलू नका.

(संध्याकाळी)

बी-२०३: गंगापूर रोडला दाखवून आलो. तुंबलेली नाही, पण मूत्राशयाला सूज आहे. ताणानेही होतं म्हणाले. समोर कुंभमेळ्याच्या कामाचा ब्रेकर दिवसभर धडधडतो, हा पलंगाखालून बाहेर येत नाही. औषध दिलंय, कोरडं खाणं कमी करून ओलं द्यायचं, पाणी जास्त.

ए-३०३: मांजराला टेन्शन! आमच्या यांना तर ब्रेकरमध्ये झोप लागते 😂

ए-५०२: ट्रे कुठे ठेवलाय?

बी-२०३: वॉशिंग मशीनशेजारी. झाकणवाला आहे, वाळू लव्हेंडरची.

ए-५०२: तिथेच घोळ आहे. मशीन गरगरायला लागलं की तो परत त्या कोपऱ्यात कशाला जाईल? झाकण काढा, आत वास कोंडतो. लव्हेंडर आपल्या नाकासाठी, त्याला बिनवासाची बारीक वाळू लागते, दीड-दोन इंच थर. ट्रे मोठा घ्या, त्याला आत वळता आलं पाहिजे. एका मांजराला दोन ट्रे, लांब लांब, एक पलंगाच्या खोलीतच. घाण रोज काढा. ओरडू नका, नाक घासू नका, नाहीतर लपून करेल.

आणि ते फिनाइल आजच बंद. मांजराचं लिव्हर फिनॉल पचवू शकत नाही, पायाला लागतं आणि तो पाय चाटतो. डेटॉलही नको. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते ओतून मुरू द्यायचं. जुना वास राहिला की तो परत तिथेच येणार.

बी-४०१: आणि आमच्या भिंतीवर पिचकारी मारून गेलाय ते?

ए-५०२: ते वेगळं. उभ्या भिंतीवर, शेपूट ताठ करून थरथरवत मारतात, ती हद्दीची खूण. बंड्याची नसबंदी झालीय?

बी-२०३: राहिलीय. सूज उतरली की करू म्हणाले.

ए-५०२: करून घ्या. बहुतेक बोक्यांचं पिचकारी मारणं त्यानंतर थांबतं. आणि डाग शोधायला नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणा, अंधारात लघवी चमकते.

बी-२०१: टॉर्च माझ्या दुकानात आहे. रात्री आणतो. सेक्रेटरी, जिन्यातले लाइट पाच मिनिटं बंद करा.

सेक्रेटरी: करतो. त्याआधी जिन्यातले सगळे रॅक आत घ्या. तिथे रॅक ठेवायचे नाहीत, मीटिंगमध्ये ठरलंय.

बी-४०१: काका, सर्वात मोठा तुमचाच आहे.

बी-२०१: वहिनी, क्लीनर कुठलं आणलं ते सांगा जरा.