सोलापूरच्या खेळाडूंचं सन्मान दालन : नावं कोणत्या नियमानं घ्यायची?

पार्कचौक
जिल्ह्यातल्या खेळाडूंचं छोटं सन्मान दालन करायचं घाटतंय. पहिल्याच बैठकीत क्रिकेटपटू पॉली उम्रीगरांवर गाडी अडली. जन्म बहुधा सोलापूरचा (२८ मार्च १९२६; काही नोंदींत मुंबई), पण नाव झालं मुंबईकडून. घ्यायचं की नाही? अशी दालनं मुळात सुरू कशी झाली, त्यांचे नियम काय? एक गट म्हणतोय, फ्लेक्स लावा नि मोकळे व्हा.

स्कोअरबुक
फ्लेक्स उन्हाच्या भिंतीवर दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो, तो विषय सोडा.

खेळाच्या दालनांचा नमुना म्हणजे अमेरिकेतलं कूपर्सटाउन गावातलं बेसबॉलचं 'हॉल ऑफ फेम' दालन. तिथं १९३६ ला पहिले पाच खेळाडू मतदानानं निवडले, इमारत उघडली १२ जून १९३९ ला. आधी नावं, मग भिंत. ७५ टक्के मतं लागतात, किमान १० मोसम खेळलेला हवा आणि निवृत्तीला ५ वर्षं झालेली हवीत. ही शेवटची अट तुम्ही जशीच्या तशी उचला, नाहीतर यंदा गाजलेला पोरगा थेट ग्रॅनाइटवर जातो.

गंमत म्हणजे ते गाव निवडलं कारण १९०७ च्या एका समितीनं 'बेसबॉल इथंच १८३९ ला जन्मला' असा निर्वाळा दिला होता. पुढं अभ्यासकांनी तो खोडला, दालन मात्र तिथंच आहे.

उम्रीगर घ्याच. ५९ कसोट्या, १९५५ ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, भारताचं पहिलं कसोटी द्विशतक. फक्त 'जन्मानं सोलापूरचे' आणि 'इथं खेळून घडलेले' असे दोन विभाग ठेवा नि पाटीवर 'मुंबईकडून खेळले' हे स्पष्ट लिहा. आपल्या जिल्ह्यातल्या मिरे गावच्या क्रिकेटपटू किरण नवगिरेंनी २०२२ ला टी-२० सामन्यात नाबाद १६२ केल्या त्या नागालँडकडून, तिथंही हाच प्रश्न येणार. पण त्या अजून खेळतायत, म्हणून नाव प्रतीक्षा यादीत.

लालमाती
कुस्तीत नुसतं 'महाराष्ट्र केसरी २०२३' कोरू नका. त्या वर्षी नोव्हेंबरात दोन गटांनी दोन स्पर्धा घेतल्या, एक फुलगावला, एक धाराशिवला. मोहोळचे सिकंदर शेख जिंकले ती फुलगावची. वर्ष, ठिकाण, आयोजक तिन्ही लिहा, नाहीतर उद्घाटनाच्या दिवशीच वाद.

कुणी गदा दिली तर खाली रबर किंवा लोकरी फेल्ट घालू नका. त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. मग दर महिन्याला घासायची आणि वरचा पातळ पत्रा झिजवायचा. धुतलेलं साधं सुती कापड पुरे.

जुनीकात्रणं
कात्रणांचं बघा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातलं एक द्रव्य) असतं, उजेडात तो पिवळा पडून तुटतो. मूळ कात्रण आम्लरहित पाकिटात, अंधाऱ्या कपाटात. भिंतीवर प्रत लावायची, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून. सेलोटेप नको, तिचा डाग कायमचा. खळही नको, झुरळं येतात. कोपऱ्यांना कागदी पट्ट्या करून त्यांत अडकवा. मागं तारीख नि पान क्रमांक मऊ पेन्सिलीनं.

पार्कचौक
निम्मी कात्रणं आधीच लॅमिनेट करून ठेवलीयत. सोडवता येतील?

जुनीकात्रणं
नाही, गरम लॅमिनेशन कागदात मुरतं. कापून बघू नका, शाई प्लॅस्टिकबरोबर येते. आहेत तशीच आज स्कॅन करा, आणि त्याच तारखांचे अंक सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या फाइलींत शोधायला एक माणूस लावा.